आशाताईंनी जमवलेली सोयरीक

आशाताई परुळेकर दिवसभर इतरांचे अर्ज भरतात. शारजात अल मजाजच्या मागच्या रस्त्यावर, एक लाँड्री आणि एक मोबाइल दुरुस्तीचं दुकान यांच्या मधे त्यांचं टायपिंग सेंटर आहे. व्हिसा, आयडी, भाड्याचा करार, बाळाचा जन्म, माणसाचं कायमचं परत जाणं, सगळं तिथे अरबी आणि इंग्रजीत टाइप होतं. दारातल्या यंत्रातून टोकन घ्यायचं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं आणि नंबर आला की आशाताईंसमोर पासपोर्ट ठेवायचा. काम झालं की त्या प्रिंटरमधून कागद ओढून घेतात, स्टेपल करतात आणि म्हणतात, "खलास." समोरचा पठाण असो, मल्याळी असो की चिपळूणचा, त्याचा चेहरा लगेच सैल पडतो. झालं, ठरलं, आता घोर नको, असा तो शब्द आहे.

मला घोर नाही असा दिवस उजाडत नाही. माझ्या मुलीच्या, ईश्वरीच्या, पुण्यातल्या कॉलेजप्रवेशाचे कागद घेऊन मी पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा प्रत्येक कागदाच्या अर्धा डझन प्रती पिशवीत होत्या. आशाताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मराठी ना?"

"हो. कशावरून ओळखलंत?"

"झेरॉक्सवरून. एवढ्या झेरॉक्स आपलीच माणसं काढतात."

त्या ईश्वरीचं नाव टाइप करत होत्या आणि मी स्पेलिंग चुकतंय का म्हणून मान वाकडी करून स्क्रीनकडे बघत होते. अर्जाच्या मागे दुसरी एक खिडकी अर्धवट उघडी होती आणि तिच्यात मराठी अक्षरं होती. 'भैरोजीने घोडा ओढ्यात घातला. पलीकडे निंबधाऱ्यांची गढी होती, आणि वाघजाळ्यांचा कोणी माणूस त्या काठावरून जिवंत परत आल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.'

"मग?" मी विचारलं. "आला का तो परत?"

"जाऊन तर पोचलाय," आशाताई म्हणाल्या. "परत कसा आणायचा ते बघतेय. वडिलांचं नाव पासपोर्टवर हेमचंद्र आहे की नुसतं हेमंत?"

अशी आमची ओळख झाली.

आशाताई मूळच्या देवरूखच्या. तिथूनच बी.ए. झाल्या, लग्न करून अजमानला आल्या. यजमान, परेशभाऊजी, एका कोल्ड स्टोअरेजमध्ये सुपरवायझर आहेत. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना ते स्वेटर घालून कामाला जातात, याची आशाताईंना अजून गंमत वाटते. मुलगा शिकून बंगळुरूला गेला, घर रिकामं झालं, आणि त्या रिकाम्या घरात, त्या म्हणतात, दोन सरदार घराणी राहायला आली.

कादंबरी बहमनी राजवटीच्या काळातली. एका ओढ्याच्या या काठाला वाघजाळे, त्या काठाला निंबधारे. दोघांकडे गढी, दोघांकडे घोडेस्वार, दोघांचं तोंड एकमेकांकडे आणि दोघांचं बोलणं बंद. वैराचं कारण तूप. भैरोजीच्या पणजोबांच्या वेळी एका लग्नाच्या पंगतीत वाढप्याने तूप आधी निंबधाऱ्यांच्या पानात वाढलं आणि मग वाघजाळ्यांच्या. वाघजाळे भरल्या पानावरून उठले. त्यानंतर तीन पिढ्या तलवारी चालल्या. आणि आता वाघजाळ्यांच्या भैरोजीचं मन निंबधाऱ्यांच्या लाखाईवर जडलं होतं.

"तुपावरून तीन पिढ्या?" मी एकदा म्हटलं. "लोकांना पटेल?"

"तुमचं लग्न कुठे झालं?"

"साताऱ्याला."

"मानपानावरून कोणी रुसलं नव्हतं?"

हेमचंद्रच्या आत्याने साडी परत पाठवली होती. ती आत्या आजही माझ्याशी धड बोलत नाही. 

आशाताई दुपारी लिहायच्या. सेंटर एक ते चार बंद असतं. त्यांच्याबरोबर काम करणारी हव्वाबी आतल्या खोलीत पाठ टेकायची आणि आशाताई टिफिन उघडून एका हाताने जेवायच्या, दुसऱ्या हाताने टाइप करायच्या. प्रकरण पूर्ण झालं की ते आपल्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून पाठवायच्या. आधी परेशभाऊजींना, मग हव्वाबीला, मग मला. आणि दत्तारामला.

दत्ताराम गुहागरचा, शटरिंगचा फोरमन, अजमानच्या पलीकडे एका लेबर कॅम्पमध्ये राहणारा. व्हिसा रिन्यू करायला आला असताना त्याने लाखाईचं एक प्रकरण आशाताईंच्या फोनवर ऐकलं, टोकन हातात धरून. नंबर गेला तरी उठला नाही. तेव्हापासून रविवारी सकाळी त्याच्या खोलीत फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवतात, म्हणजे आवाज मोठा येतो, आणि आजूबाजूच्या खोल्यांतली कोकणातली पोरं येऊन ऐकतात. पोरांनी आपसात बाजू वाटून घेतल्या होत्या. वरच्या मजल्यावरचे वाघजाळे, खालच्या मजल्यावरचे निंबधारे. एकदा भैरोजीच्या काकाने लाखाईच्या भावाचा अपमान केला, तेव्हा खालच्या मजल्याने वरच्या मजल्याची इस्त्री दोन दिवस परत दिली नाही.

"ताई, तुमच्यामुळे माझी माणसं चुरगळलेल्या शर्टात साइटवर गेली," दत्ताराम सांगत होता. "इंजिनियर विचारतो, क्या हुआ. काय सांगू त्याला?"

आमच्या घरी ईश्वरी ऐकायची, पण तसं दाखवायची नाही. सतरा वर्षांची मुलगी, कानात एक इअरफोन, डोळे लॅपटॉपवर. मराठी तिला सगळं कळतं. उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मला तिची काळजी म्हणजे पुण्यात रिक्षावाल्याशी काय बोलेल, खानावळीत काय मागेल, आजारी पडली तर डॉक्टरला कुठे दुखतंय ते कसं सांगेल. एके दिवशी जेवताना ती अचानक म्हणाली, "मॉम, लाखाईज मदर कान्ट मेक ठेचा."

"का?"

"देअर वर नो चिलीज. पोर्तुगीज ब्रॉट देम. लेटर."

मी आशाताईंना कळवलं. त्यांनी दोन दिवस खपून अख्ख्या कादंबरीतून मिरची काढली. ठेचा गेला, झणझणीत रस्सा गेला, एका प्रसंगात शत्रूच्या डोळ्यांत तिखट फेकलं होतं तिथे राख आली. "तुझ्या लेकीने माझ्या दोन्ही गढ्या सपक करून टाकल्या," त्या मला म्हणाल्या. पण पुढच्या वेळी ईश्वरी सोबत आली तेव्हा तिला करक चहा पाजून त्यांनी विचारलं, "बटाटा होता का गं तेव्हा?"

"नो पोटॅटो, मावशी. सॉरी."

"गेली भाजी," आशाताई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

कादंबरीचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं, तेव्हा मीच त्यांच्या मागे लागून आधीची प्रकरणं पुण्याच्या एका लहानशा प्रकाशनाला पाठवायला लावली. वेदांग नावाचा तरुण मुलगा ते आपल्या आईबरोबर चालवतो. निवड तो करतो, मुद्रितं आई तपासते. महिनाभर काही उत्तर नाही. त्या महिन्यात आशाताई शांत होत्या आणि माझी झोप उडाली होती. मेल गेला असेल ना, फाइल उघडली असेल ना, फाँट बदलून चौकोन चौकोन तर दिसत नसतील ना. मग एका दुपारी त्याचा फोन आला. आशाताईंनी स्पीकरवर टाकला. हव्वाबी उठून बसली, मी खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, भाषा छान आहे तुमची," वेदांग म्हणाला. "फक्त लाखाई आईला 'इन्शाल्ला, भेटू' म्हणते, आणि भैरोजी घोड्याला 'यल्ला' म्हणतो. तेवढं काढावं लागेल."

"काढते," आशाताई ओशाळून म्हणाल्या. "इथे जिभेवर बसतं हो ते. कळतच नाही."

"आणि शेवट. तुमच्या मनात काय आहे?"

"लग्न."



"तुम्हाला खरं सांगू का," तो म्हणाला. "वैरी घराणी, प्रेम, शेवटी लग्न आणि सगळे आनंदात. असली पुस्तकं आमच्याकडे पडून राहतात. दोघांचा अंत झाला तर वाचकाच्या मनात ती राहतात. जबरदस्ती नाही. पण शोकान्त असेल तर मी दिवाळीआधी काढतो. सुखान्त असेल तर... पुढे कधीतरी बघू."

पुढे कधीतरी म्हणजे काय, ते आम्हाला तिघींनाही कळलं. आशाताईंना आयुष्यात एकच पुस्तक लिहायचं होतं. दुसरं लिहायची त्यांना हौसही नव्हती. हे एक छापून यावं, त्यावर नाव असावं, आणि आत त्या दोघांचा संसार असावा, एवढंच.

त्या आठवड्यात त्यांनी लाखाईला मारायचा प्रयत्न केला. खरोखर केला. मला रोज दुपारी फोन यायचा.

"आज विष घालायला बसले होते."

"मग?"

"खिरीत घातलं. पण खीर तिच्या आईने केलेली आहे ना. ती चाखून बघितल्याशिवाय पुढे जाऊ देईल? मग आधी आईच मरते. तिला कशाला मारू, तिने काय केलंय?"

दुसऱ्या दिवशी बुरूज होता. दोघं बुरुजावर गेले, खाली दोन्ही फौजा, वारा सुटलेला, उडी मारायची. आणि लाखाई भैरोजीला म्हणाली, इतक्या उंचावर मला घेरी येते, आधी खाली चला. आशाताई म्हणाल्या, मी लिहिलं नाही ते, तीच म्हणाली.

परेशभाऊजी रोज स्वेटर काढता काढता विचारायचे, "काय, सूनबाई आज आहेत की गेल्या?"

दत्तारामला कुणी सांगितलं कोण जाणे. हव्वाबीनेच, दुसरं कोण. तो मुद्दाम साइटवरून हेल्मेट हातात घेऊन सेंटरवर आला, टोकन काढलं, नंबर येईपर्यंत बसला आणि समोर येऊन उभा राहिला.

"पासपोर्ट?" आशाताईंनी सवयीने विचारलं.

"नाय आणला. ताई, त्या पोरीला मारू नका. वरचा मजला नि खालचा मजला आता एका टोपातली आमटी खातात. रुखवतात काय मांडायचं त्याच्यावर बोलणी चाललीयेत."

"कुणाच्या रुखवतात?"

"लाखाईच्या. आमचा एक सुतार आहे, तो प्लायवूडची गढी बनवतोय."

 त्याच दुपारी आशाताईंनी एक सबंध बैठक मारून लग्नाचं प्रकरण लिहिलं. मी ते सगळ्यात आधी वाचलं, कारण त्यांच्या अनुस्वारांवर त्यांचा स्वतःचा भरवसा नाही. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, इथपर्यंत सगळं नीट होतं. मग पंगत बसली आणि दोन्हीकडच्या तलवारी पानांशेजारी ठेवल्या गेल्या. वाढपी तुपाचं तामलं हातात धरून मधेच उभा. आधी कोण? तेव्हा नवरी मुलगी उठली. शालू खोचला, वाढप्याच्या हातातून तामलं घेतलं आणि दोन्ही सरदारांना ओलांडून सरळ मांडवाच्या टोकाला गेली. तिथे मशाली धरणारे बसले होते, ज्यांच्या पानात त्या मुलखात कधीच कुणी तूप वाढलं नव्हतं. पहिली धार तिने तिथे धरली.

निंबधारे सरदार ताडकन उठले. म्हणाले, "मग आम्ही कितवे?"

"दुसरे, आबासाहेब."

"आणि वाघजाळे?"

"तेही दुसरेच."

दोन्ही म्हाताऱ्यांनी आधी आपापल्या तलवारीकडे पाहिलं, मग पानाकडे. शेवटी वाघजाळे म्हणाले, "दुसरे तर दुसरे. भात निवतोय."

वाचून मी हसले आणि मग उगाच नाक पुसलं. आशाताईंचे डोळेही सुजले होते. तेवढ्यात वेदांगचा मेसेज आला. 'शेवटाचं काय ठरलं? मुखपृष्ठ करायला द्यायचं आहे.' सेंटर उघडायची वेळ झाली होती, ईदच्या आधीची गर्दी काचेबाहेर उभी होती. आशाताईंनी उभ्या उभ्या उत्तर टाइप केलं आणि फोन ड्रॉवरमध्ये टाकला. काय लिहिलं ते मी बघितलं नाही. एरवी मी सगळं तीन तीनदा बघते, तेव्हाच नेमकं नाही.

त्याचं उत्तर संध्याकाळी आलं. 'धाडसी निर्णय, मॅडम. मनापासून अभिनंदन. पुस्तक दिवाळीआधी नक्की.'

आशाताईंनी सेंटरमधल्या सगळ्यांना करक पाजला. टोकन घेऊन बसलेल्यांनाही. मला फोनवर म्हणाल्या, "बघ, उगाच घाबरवत होता. मुलगा मनाने चांगला आहे." मी अनुस्वार बघायला घरी नेलेलं प्रकरण त्या गर्दीत आठवडा झाला तरी परत दिलं नव्हतं, त्यामुळे ते पुण्याला जायचं राहिलं होतं. वेदांगनेही घाई केली नाही. आधीची प्रकरणं लावून होत होती.

मग मुखपृष्ठ आलं. केशरी आभाळ, ओढ्याचा काठ, आणि काठावर शेजारी शेजारी दोन दगडी चौथरे. वर एकच पक्षी.

"किती सुंदर," आशाताई म्हणाल्या. "दोन घरांची दोन वृंदावनं."

हव्वाबीने फोन जवळ धरून पाहिला. ती दाभोळची. वृंदावन तिला माहीत आहे. "तुळस कुठाय पण?"

"चित्रकार आहे तो, माळी नाही."

पाठोपाठ मलपृष्ठावरचा मजकूर आला. आशाताईंनी तो मला वाचून दाखवला, अभिमानाने, अर्ज वाचतात तशा स्पष्ट आवाजात. "वैराच्या अग्नीत आहुती गेलेल्या दोन कोवळ्या जिवांची..."

"थांबा," मी म्हटलं. "आहुती?"

"लाजाहोमाची गं. मी लिहिलाय ना लाजाहोम सविस्तर."

"त्याने ते प्रकरण वाचलेलं नाही, आशाताई. ते माझ्या पिशवीत आहे."

मला घोर लागला. तो तसा कायमच असतो, पण या वेळी त्याला कारण होतं. मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि त्या दुपारचा मेसेज शोधला. आशाताईंनी लिहिलं होतं: 'दोघांचं खलास. लिहिताना रडू आवरलं नाही. आता त्यांना कुणीच वेगळं करू शकत नाही.'

मी तो मोठ्याने वाचला. मग पुण्यात बसून कुणी वाचेल तसा पुन्हा एकदा वाचला.

आधी हव्वाबीच्या लक्षात आलं. तिने ओढणी तोंडाला लावली आणि तिचे खांदे हलायला लागले. "या अल्ला. ताई, तुम्ही मारलात त्यांना."

"मी? कधी?" आशाताई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "अगं, खलास म्हणजे..." आणि तिथेच थांबल्या. देवरूखला म्हैस खलास होते, म्हातारा खलास होतो. ते त्यांना माहीत नव्हतं असं नाही. वीस वर्षं रोज त्या शब्दाने लोकांची कामं पुरी केली होती, एवढंच.

"म्हणजे ती वृंदावनं नव्हेत," त्या हळूच म्हणाल्या.

"नाहीत."

"समाध्या आहेत."

"हो."

मला सुचलं ते मी बोलले. म्हटलं, राहू दे तसंच. दोन पानांचा शेवट लिहा, विष-बुरूज काही नको, तापाने गेले म्हणा. पुस्तक तर निघेल. कॅम्पवाल्यांना हा शेवट ऐकवा, पुण्याला तो द्या. मला त्यांचं पुस्तक हातचं जाताना बघवत नव्हतं. आशाताईंनी ऐकून घेतलं. समोर दोन माणसं टोकन घेऊन उभी होती. आशाताईंनी त्यांना हाताने थांबा म्हणून सांगितलं आणि वेदांगला फोन लावला. स्पीकरवर.

"वेदांग, परुळेकर बोलतेय. माझी एक चूक झाली. ती दोघं जिवंत आहेत."

"कोण दोघं?"

"लाखाई आणि भैरोजी. लग्न झालं त्यांचं."

"पण मॅडम, तुम्हीच लिहिलं होतंत, दोघं खलास."

"दोघांचं खलास. इथे खलास म्हणजे ठरलं, पार पडलं. इथे कुणी मरत नाही हो त्याने."

 मग एका बाईचा आवाज आला, लांबून. "कोण जिवंत आहे रे?" वेदांग म्हणाला, "आई, एक मिनिट." आणि मग आम्हाला, चाचपडत, "मुखपृष्ठ तयार आहे, मॅडम. जाहिरातीत शोकान्त प्रेमगाथा असं गेलंय. बदलता येईल का काही? अजून वेळ आहे."

मी आशाताईंकडे बघत होते. हो म्हणा, असं मनात म्हणत होते, ते खोटं कशाला सांगू.

"नाही येणार," आशाताई म्हणाल्या. "अक्षता पडल्यात. मी प्रकरण आता पाठवते. वाचून तुम्हाला नको वाटलं तर तसं सांगा. मी राग धरणार नाही. पण मुलगी नांदायला गेली आहे, ती मी परत आणणार नाही."

फोन ठेवला आणि समोरच्याला म्हणाल्या, "हां भाई, पासपोर्ट."

प्रकरण गेलं. दुसरा दिवस कोरडा गेला. तिसऱ्या दिवशी मी सेंटरवर जाऊन बसले, काही काम नसताना, टोकन घेऊन. शाळा सुटल्यावर ईश्वरी थेट तिथेच आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मॉम, यू आर नॉट इव्हन द रायटर." मग माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून नखं खायला लागली.

फोन वाजला तो वेदांगचा नव्हता. त्याच्या आईचा होता. आशाताईंनी स्पीकर लावला.

"आशाताई का? मी वेदांगची आई. मुद्रितं मी बघते. अहो, काय केलंत हे."

आशाताई उभ्या राहिल्या.

"आठवडाभर मी एकेक पान तपासतेय आणि रडतेय. ती पोर ओढ्यावर हसली की मला वाटायचं, हस बाई, थोडेच दिवस आहेत तुझे. तिची आई खीर करते तिथे तर मी चष्मा काढून ठेवला. आणि काल हा वेदांग शेवटचं प्रकरण देतो, तर तिकडे पंगत बसलेली."

"मला माफ करा," आशाताई म्हणाल्या.

"माफ काय करा? मी मशालवाल्यांच्या पानापर्यंत आले आणि मोठ्याने हसले. हा स्वयंपाकघरातून धावत आला. मी म्हटलं, हे असंच्या असं छापायचं. तो म्हणाला, आई, विकलं जाणार नाही. मी म्हटलं, आपल्या सोसायटीत मानपानावरून न बोलणारी किती घरं आहेत ती मोज, आणि तेवढ्या जास्तीच्या प्रती काढ." मग आवाज जरा खाली आला. "त्याच्या लग्नापासून माझी विहीण माझ्याशी बोलत नाही. तिला पहिली प्रत देणार आहे."

मागून वेदांगचा आवाज आला. "मॅडम, दिवाळीआधी काढतो. जाहिरात बदललीय. चित्रकाराला दोन्ही चौथऱ्यांवर तुळस काढायला सांगितलीय. तो चिडलाय, पण काढतोय."

हव्वाबीने टाळी वाजवली. का ते न कळता खुर्च्यांवरच्या दोघा-तिघांनीही वाजवली. ईश्वरीने कानातला इअरफोन काढला आणि म्हणाली, "मावशी, लग्न झालं?" मराठीत. मी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिने पुन्हा तो कानात घातला असता.

पुस्तकं ऑक्टोबरात आली, दोघा-तिघांच्या बॅगांतून, सुट्टीवरून परतणाऱ्या माणसांनी फराळाच्या डब्यांखाली घालून आणलेली. तोवर ईश्वरी पुण्याला गेली होती. वेदांगच्या आईकडे जाऊन तिने स्वतःची प्रत घेतली आणि तिथून मला फोटो पाठवला. जेवायला तिथेच थांबली होती. ताटात पिठलं-भाकरी दिसत होती, आणि शेजारी ठेचाही.

दत्ताराम रविवारी आपली माणसं घेऊन आला. दोन्ही मजले, इस्त्री केलेल्या शर्टात. प्रत्येकाला एकेक प्रत हवी होती, आणि सही स्वतःच्या नावाने नको, गावाकडच्या बायकोच्या नावाने हवी होती. आशाताई टेबलाशी बसून नावं विचारत होत्या आणि लिहीत होत्या. सौ. प्रमिला यांस. सौ. सुलभा यांस. एकाचं लग्न ठरायचं होतं. तो म्हणाला, "नाव रिकामं सोडा ताई, मग भरतो." सुताराने प्लायवूडची गढी खरंच आणली होती. ती प्रिंटरवर ठेवावी लागली, दुसरीकडे जागाच नव्हती. परेशभाऊजी सुट्टी घेऊन आले होते आणि पेढ्यांचा बॉक्स धरून दारात उभे होते, येणाऱ्या प्रत्येकाला मुलीकडचे की मुलाकडचे विचारून, आणि काहीही उत्तर आलं तरी दोन पेढे देऊन.

रांग थांबली होती. यंत्रातून टोकनं निघत होती आणि खुर्च्या भरत चालल्या होत्या. एका पेशावरी टॅक्सीवाल्याने शेवटी विचारलं, "बहनजी, आज क्या है इधर?"

"शादी है," हव्वाबीने सांगितलं.

तो उठून उभा राहिला, छातीवर हात ठेवला. "मुबारक हो, मुबारक हो. किसकी?"

आशाताईंनी पेनाचं टोपण लावलं. दत्तारामची माणसं बाजूला सरकली. "मेरी लाखाई की," त्या म्हणाल्या, आणि त्याच्याकडे एक पेढा सरकवून पासपोर्टसाठी हात पुढे केला.